दोन मिस कॉल, साडूभाऊ

साडूभाऊ, तुम्ही गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी घोळ घातला. तुम्ही असतात तर सगळ्यात आधी हसला असतात, म्हणून तुम्हालाच आधी सांगतो.

झालं असं की आदल्या दिवशी आमच्या हिच्या ताई म्हणाल्या, "तुम्ही दोन शब्द बोला, तुम्हाला बोलता येतं." मला बोलता येतं हा आपल्या सासरवाडीचा फार जुना गैरसमज आहे. तरी मी नीट लिहून काढलं. बावीस वर्षं शाळेत क्लार्की केलेल्या माणसाला कोरा कागद वापरवत नाही, त्याचा हात पाठकोऱ्याकडेच जातो. कपाटातला एक पाठकोरा घेतला, मागच्या बाजूला तुमच्याबद्दल लिहिलं, घडी करून खिशात ठेवला. त्रिशरण झालं, पंचशील झालं, माझं नाव पुकारलं. उभा राहिलो, कागद उलगडला. चष्मा घरी राहिलेला. हाताचं बारीक अक्षर दिसेना, टाइप केलेलं मात्र ठळक दिसत होतं. मी घसा खाकरून वाचायला लागलो, "वास तीव्र असल्यास घाबरून जाऊ नये. तोंडावर ओला रुमाल धरावा. वाऱ्याला आडवे चालत जावे. नाल्याच्या काठाने जाऊ नये."

चार वाक्यं होईपर्यंत मला कुणी थांबवलं नाही. सगळे पांढऱ्या कपड्यांत मान खाली घालून बसलेले. पुढच्या ओळीतल्या एका आजोबांनी तर 'वाऱ्याला आडवे' ऐकून सावकाश मान डोलावली. शेवटी आमच्या हिनं मागून सदरा ओढला तेव्हा मी कागद उलटा केला, आणि त्या बाजूचं काहीच दिसत नाही हे कळल्यावर "साडूभाऊ चांगले होते" एवढं म्हणून खाली बसलो.

एका अर्थी फार चुकलं नाही. ती चारही वाक्यं तुमचीच होती, टाइप फक्त मी केली होती.

जेवणं चालू असताना एक बाई माझ्याजवळ आल्या. तुमच्या केमिकल कंपनीच्या कँटीनमध्ये पोळ्या करतात म्हणाल्या. "तुम्हीच ना ते शाळेवाले? तुम्ही कागद वाचलात त्याच्यावरून ओळखलं. दादांनी मला तुमचा नंबर देऊन ठेवलाय. एक मिस कॉल म्हणजे काय ते सांगितलं होतं. दोनचं सांगायचं राहिलं."

मी म्हटलं, "एक म्हणजे खिडक्या लावा. दोन म्हणजे पोरांना बाहेर काढा."

"बरं," त्या म्हणाल्या. आणि मग आवाज खाली आणून, "फक्त माझं नाव कुठं येऊ देऊ नका. दादांचं काय झालं ते आम्ही बघितलंय."

त्यांना ठाऊक नव्हतं की तुमचं नाव कुणी येऊ दिलं होतं.

आपण साडू. दोन बहिणींपैकी थोरली अंबरनाथला तुमच्याकडे आली, धाकटी उल्हासनगरला माझ्याकडे. मध्ये वालधुनी, नावाची नदी पण खरा नाला. तुमच्या कंपनीच्या मागून ती निघायची आणि माझ्या शाळेच्या भिंतीला घासून जायची, म्हणजे आपल्या दोघांचं नातं दुहेरी होतं. सासरे गमतीनं म्हणायचे, एक जावई वरचा, एक खालचा. त्यात मी खालचा हे मला कधी आवडलं नाही, पण पाण्यापुढे कुणाचं चालतंय.

पहिला दिवस मला अजून वासासकट आठवतो. सकाळची शाळा, मुख्याध्यापिका बाई रजेवर, म्हणजे कारभार माझ्याकडे असं माझं मीच ठरवलेलं. तिसऱ्या तासाला नाल्याकडून सडक्या अंड्यासारखा, त्यात काहीतरी गोडसर मिसळल्यासारखा वास आला. मी रुबाबात हुकूम सोडला, सगळ्या खिडक्या लावा, दारं लावा, कुणी बाहेर पडायचं नाही. वास आधीच आत आला होता. मी त्याला आत कोंडलं आणि त्याच्यासोबत साडेतीनशे पोरं कोंडली. पाचवीच्या वर्गात गेलो तर सगळे डोळे चोळत होते, आणि एक मुलगी मला म्हणाली, "सर, आम्ही काय केलं?" तिला वाटलं शिक्षा आहे.

मी दोन्ही गावांच्या पालिकांत फोन लावले. पहिल्या ठिकाणी मला विचारलं, वास कुठून येतोय. अंबरनाथकडून म्हटल्यावर, मग तिकडे करा. तिकडे केला तर, तुम्ही बोलताय कुठून. उल्हासनगर म्हटल्यावर, मग तक्रार तुमच्या हद्दीतून येऊ द्या. दोघंही नीट, सभ्यपणे बोलले. दोघांच्या मधोमध मी रिसीव्हर धरून उभा, आणि वर्गातून खोकण्याचा आवाज. तेव्हा मला तुम्ही आठवलात. खरं सांगायचं तर तोपर्यंत तुम्ही मला लग्नात शेजारी बसणारा माणूस म्हणूनच आठवायचात.

तुमच्या कंपनीच्या गेटवर फोन लावला, तिथल्या माणसानं तुम्हाला बोलावून आणलं. तुम्ही काय झालं असंही विचारलं नाहीत.

"खिडक्या लावल्यात?"

"लावल्या."

"उघडा. वास यायच्या आधी लावली तर ती खिडकी, आल्यावर लावली तर तुरुंग. रुमाल ओला करा, तोंडावर धरा. वास कुठं उडतोय?"

"शाळेकडे. म्हणजे भिंतीकडून मैदानाकडे."

"मग मैदानात नका जाऊ, तो मागून येईल. आडवे निघा. बाजाराकडे. आणि साडूभाऊ, पळवू नका. पळालं की पोरं मोठा श्वास घेतात."

दोन मुलींना उलट्या झाल्या, डोळे दुसऱ्या दिवसापर्यंत लाल होते, बाकी सगळे सुखरूप. संध्याकाळी तुम्ही शाळेत आलात, मैदानाच्या कडेला उकिडवे बसलात आणि म्हणालात, "पाण्याला इथं यायला किती वेळ लागतो ते बघायला पाहिजे."

त्याच रविवारी आपण ते बघितलं. तुम्ही तुमच्या बाजूनं एक जुनी लाल चप्पल नाल्यात टाकायची आणि मी उल्हासनगरच्या कॅम्प तीनच्या पुलावर घड्याळ घेऊन उभं राहायचं. पंचेचाळीस वर्षांचे दोन बाप्ये, दोघांच्या पोरींची लग्नं ठरायला आलेली. मी दोन तास पुलावर उभा होतो आणि माझ्यासमोरून तीन लाल चपला गेल्या. कुठली तुमची? मी फोन करून विचारलं, डावी की उजवी, तुम्ही म्हणालात, "मला काय माहीत, ताईची होती." पुढच्या रविवारी तुम्ही नारळ पिवळ्या रंगात बुडवून सोडलात. तो मिळाला. साधारण दीड तास. म्हणजे वर काही सुटलं आणि तुम्ही लगेच सांगितलंत, तर खाली आम्हाला दीड तास मिळत होता. तेवढ्यात आख्खी शाळा दोनदा बाजारापर्यंत जाऊन परत येईल.

तिथून मिस कॉल सुरू झाले. प्लांटमध्ये मोबाइल न्यायला बंदी, गेटवर ठेवावा लागे. काही सांडलं, काही सुटलं की तुम्ही चहाचं निमित्त करून गेटपर्यंत यायचात आणि मला एक किंवा दोन रिंगा द्यायचात. मी उचलायचं नाही. मी बाईंना सांगायचं, बाई घंटा द्यायच्या. चार वर्षांत किती वेळा झालं ते मी मोजलं नाही, पण पोरं इतकी सरावली होती की घंटा झाली की मॉनिटर स्वतःच खिडक्यांकडे जायचे. त्या शाळेतल्या कुणालाही तुमचं नाव माहीत नव्हतं. बाईसुद्धा 'तुमचे ते' म्हणायच्या.

आणि शेवयांचं यंत्र. ते लिहिल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तुमची साप्ताहिक सुटी, तुमचा मोबाइल ताईंच्या हातात, ताईंना आमच्या घरातलं शेवयांचं यंत्र हवं होतं. आमच्या हिच्याकडे फोन नाही, म्हणून ताईंनी आपल्या हिशेबानं मला 'फोन करा' असं सांगायला एक मिस कॉल दिला. मी केला नाही, म्हणून दुसरा दिला. मी साडेतीनशे पोरं रांगेत लावून, तोंडाला ओले रुमाल बांधून, जीन्सच्या दुकानांच्या बाजारातून चालवली. रिक्षा थांबल्या. एक ओळखीचा सिंधी शेठ गल्ल्यावरून उठून दारात आला. "क्लर्कसाब, किसका जुलूस है?" मी म्हटलं, "पर्यावरण दिवस है." त्यानं कामगारांना बाहेर बोलावलं आणि सगळ्यांनी मिळून आमच्यासाठी टाळ्या वाजवल्या. तुम्ही पुढे महिनाभर मला कुठल्याही घरी भेटलात की हात जोडून विचारायचात, "साडूभाऊ, शेवया झाल्या का?"

एक वाद आपला अर्धा राहिला. तुम्ही एकदा आमच्या घरी बसला होतात, ही ओसरीवर जीन्सचे धागे कापत होती, बाजूला ढीग पडलेला. तुम्ही त्या ढिगाकडे बघून म्हणालात, "आमच्याकडून घाण सुटली की मी तुम्हाला रिंग देतो. तुमच्या कॅम्पात या जीन्स धुतात, निळं पाणी सोडतात, ते खाली कल्याणला जातं. त्यांना कोण रिंग देतं?" मी म्हटलं, निळ्या पाण्याला वास नसतो. तुम्ही म्हणालात, "तिथं पोचेपर्यंत येत असेल." मी विषय बदलला. तुम्ही बदलू दिलात. कल्याणला मी अजून कुणाला ओळखत नाही, साडूभाऊ, आणि ओळख काढायचा प्रयत्नही केलेला नाही. तुमचं बरोबर होतं, हे मी तुम्हाला जेवताना सहज सांगू शकलो असतो.

आता त्या यादीचं. एवढा वेळ मी तिच्याच भोवती फिरतोय हे तुम्हाला कळलं असेलच.

मोठ्या पुरानंतर बदलापूरच्या लोकांनी बैठक बोलावली. मांजर्लीचे भोईरकाका निमंत्रक. त्यांच्या हॉलमध्ये छातीएवढं पाणी चढलेलं, भिंतीवरची रेघ त्यांनी मुद्दाम पुसली नव्हती. म्हणाले, तिन्ही गावांनी मिळून एक आराखडा करू या, कुणी कुणाला कळवायचं, कसं कळवायचं, नदीचं पाणी असो की नाल्याचा वास. पहिला पाऊण तास आराखड्याच्या नावात कुठलं गाव आधी यावं यात गेला. मग टायपिंग कोण करणार असं आलं, आणि माझा हात वर गेला. कुणी विचारायच्या आधी.

परत येताना तुम्ही मला म्हणालात, "सगळं लिहा. रुमाल लिहा, वारा लिहा. मला लिहू नका."

मी म्हटलं, "अहो, पण उद्या तुम्ही रिटायर झालात तर? हे सगळं आपल्या दोघांच्या डोक्यात. कागदावर नको?"

"तेव्हा बघू."

"हे काय उत्तर झालं?"

"कागदावर आलो की मी संपलो, साडूभाऊ. रिंग देणारा माणूस दिसता कामा नये."

मला ते पटलं नाही. मला वाटलं तुम्ही उगाच नम्र आहात. आणि त्याहून खरं म्हणजे, मला तुमचं नाव लिहायचं होतं. माझा साडू. सगळ्या मोठ्या लोकांच्या यादीत, अंबरनाथच्या रकान्यात, संपर्क व्यक्ती म्हणून तुमचं पूर्ण नाव, हुद्दा, पाळी, मोबाइल. मी ते ठळक केलं. प्रती काढल्या आणि सगळ्यांना पाठवल्या. सगळ्यांना म्हणजे कंपन्यांनासुद्धा, कारण आराखडा सगळ्यांचा होता.

तुम्हाला काही बोललं नाही कुणी. नोटीस नाही, चौकशी नाही. वीस वर्षं ऑपरेटर असलेल्या माणसाला मागच्या यार्डात ड्रम धुवायला लावलं, एवढंच. यार्डातून गेट दिसत नाही आणि चहा तिथंच येतो. मला हे आमच्या हिच्याकडून कळलं, तिला ताईंकडून. ताईंना तुम्ही सांगितलं होतंत की तुम्हीच बदली मागून घेतली, मोकळ्या हवेत बरं वाटतं.

त्यानंतर बुद्धपौर्णिमेला तुम्ही दोघं आमच्याकडे आलात. आपण चटईवर शेजारी बसलो, खीर खाल्ली, तुम्ही वाटी दुसऱ्यांदा पुढे केलीत. रस्त्याचं बोललात, माझ्या जावयाच्या नोकरीचं बोललात. मी वाट बघत होतो की आता बोलाल. तुम्ही बोलला असतात तर मी पाया पडलो असतो. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मलाही सुरुवात करता येईना. सुरुवात केली तर तुम्ही "जाऊ द्या" म्हणणार, आणि तुम्ही "जाऊ द्या" म्हटलं की ते कायमचं जाणार, याची मला भीती. तशी तीन वर्षं गेली. प्रत्येक बारशाला, प्रत्येक साखरपुड्याला कुणीतरी आपल्याला ओढून शेजारी बसवायचं, "साडू-साडू इकडे", आणि मी तिथं बसलेला असायचो, खिडक्या लावलेल्या खोलीत बसावं तसा.

शाळेत त्या तीन वर्षांत बराच काळ आधी वास यायचा, मग घंटा. मग एका सकाळी अनोळखी नंबरवरून एक रिंग आली आणि बंद झाली. मी उगाच बघत राहिलो. सव्वा तासानं वास आला. पुढच्या वेळी रिंग आली तेव्हा मी बाईंकडे धावलो. तुम्ही यार्डात ड्रम धूत असताना कुणालातरी तयार करत होतात, हे मला समजलं. कोण आहे हे मी विचारलं नाही, आणि तुम्ही सांगितलं नाहीत. माझ्याबाबतीत तुम्ही शिकला होतात.

हॉस्पिटलमध्ये मी ठरवून आलो होतो, रिक्षात वाक्यंही जुळवली होती. खाटेभोवती सहा माणसं. मी रिक्षाच्या संपाबद्दल बोललो. तुम्ही डोळे मिटून ऐकत होतात. निघताना तुम्ही माझा हात धरलात, थोडा जास्त वेळ धरलात, आणि मला वाटलं आता, पण नर्स आली. डॉक्टरांना मी बाहेर गाठून विचारलं, ड्रमांमुळे असेल का? ते म्हणाले, नाही, हृदय आहे, कुणालाही होतं. मी थोड्या वेळानं परत जाऊन पुन्हा विचारलं. ते तेच म्हणाले. तरी मला ते पुरलं नाही.

कार्यक्रमानंतर चौथ्या दिवशी भोईरकाकांचा फोन. "यादी नवी करायला घेतली. अंबरनाथच्या रकान्यात आता कोण?"

मी म्हटलं, "माझा नंबर टाका."

"अहो, तुम्ही तर खालचं टोक. वर कोण आहे?"

"आहे."

"नाव?"

"नाव नाही देता येणार."

भला माणूस, त्यांच्या भिंतीवर रेघ आहे, त्यांना खरंच काळजी आहे. म्हणाले, "असं कसं चालेल? उद्या तुम्हाला काही झालं तर? सगळं तुमच्या एकट्याच्या डोक्यात. कागदावर नको?"

त्यांचा प्रश्न बरोबर होता. तुम्हाला मी विचारला तेव्हाही बरोबर होता. नाव लिहिलं तर पोळ्या करणारी बाई उद्या यार्डात. नाही लिहिलं तर माझ्यानंतर शाळेला सांगायला कुणी नाही. आतून बघितलं की दोन्हीकडे भिंतच आहे. तुम्ही त्या खोलीत वर्षानुवर्षं राहिलात, आणि मला वाटत राहिलं की तुम्ही नम्र आहात.

मी म्हटलं, "तेव्हा बघू."

रकान्यात माझा नंबर गेला आहे. दोन्ही टोकांना मीच. दिसायला मूर्खपणाचं दिसतं, पण मूर्ख दिसण्याचा मला सराव आहे. शाळेतल्या एका बाईंना मी रिंगांचा अर्थ शिकवून ठेवला आहे, त्यांनाही कुणाचं नाव सांगितलेलं नाही. परवा एक रिंग आली. खिडक्या वेळेत लागल्या. पाचवीतली पोरं आत बसून पाढे म्हणत होती, वास भिंतीबाहेरून निघून गेला. मी पॅसेजमध्ये उभा राहिलो आणि तुम्हाला म्हणायचं ते म्हणालो. मोठ्यानं नाही, बाई बघत होत्या. साडूभाऊ, तुमचं नाव मी लिहिलं. तुम्ही नको म्हणाला होतात, तरी लिहिलं. चुकलं माझं.

हे सगळं लिहून झाल्यावर मी हिला वाचून दाखवलं. ती धागे कापत होती. मध्ये एकदाही थांबली नाही, शेवयांच्या यंत्रालाही हसली नाही. संपल्यावर कात्री खाली ठेवली आणि म्हणाली, "दाजी तर गेले, त्यांना कितीही लिहा. ते यार्डातून यायचे ते कपडे ताई तीन वर्षं न्हाणीत वेगळे भिजवायची, हाताची सालं निघाली तिची. दाजी यार्डात कशामुळे गेले ते तिला अजून माहीत नाही. चला, उठा, ताईकडे जायला रिक्षा मिळेल आत्ता."